मेका अ‍ॅनिमेमधील विविधता व प्रतिनिधित्व

मेका हा जपानी अ‍ॅनिमेमधील विज्ञानकथेचा एक उपप्रकार असून माणसांनी चालविलेले महाकाय यंत्रमानव त्याच्या केंद्रस्थानी असतात. यंत्राला स्वतःचा देश किंवा वंश नसतो. त्याला ओळख मिळते ती चालकामुळे. म्हणून चालकाच्या आसनावर कोण बसते आणि कोणाच्या वाट्याला केवळ साहाय्यकाची भूमिका येते, हा या प्रकारातील प्रतिनिधित्वाचा मूळ प्रश्न होय.

पार्श्वभूमी

१९६३ च्या 'तेत्सुजिन २८' या मालिकेतील यंत्रमानव दूरनियंत्रकाने चालविला जाई. गो नागाई यांच्या 'माझिंगर झेड'ने १९७२ मध्ये चालकाला यंत्राच्या आत बसविले व ही पद्धत रूढ केली. अशा मालिकांचे प्रायोजक बहुधा खेळण्यांचे उत्पादक असत आणि त्यांचा अपेक्षित ग्राहक म्हणजे लहान मुलगे. साहजिकच नायकही मुलगाच असे.

स्त्री पात्रे

'माझिंगर झेड'मधील सायाका युमी ही 'अ‍ॅफ्रोडाइट ए' हा स्त्रीदेही यंत्रमानव चालविते. स्त्री चालकाचे हे आरंभीचे महत्त्वाचे उदाहरण असले, तरी तिचे यंत्र नायकाच्या यंत्राहून दुबळे आहे आणि त्याच्या छातीतून क्षेपणास्त्रे सुटतात. स्त्रीला स्थान देणे आणि तिला समान स्थान देणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

१९८८ मध्ये आलेल्या दोन कलाकृतींत हे अंतर कमी झाले. हिदेआकी आन्नो दिग्दर्शित 'गनबस्टर'मध्ये प्रमुख चालक मुली आहेत. 'पॅटलेबर'मधील नोआ इझुमी ही पोलीस दलात नोकरी करणारी यंत्रचालक आहे. 'गंडम' मालिकासमूहाच्या दूरचित्रवाणी मालिकेत स्त्री प्रमुख पात्र येण्यास मात्र २०२२ साल उजाडावे लागले.

वंश व राष्ट्रीयत्व

योशियुकी तोमिनो यांच्या 'मोबाइल सूट गंडम' (१९७९) मधील लाला सून ही सावळ्या वर्णाची, कपाळावर टिकली असलेली तरुणी भारतीय वंशाची मानली जाते. तिला असामान्य अतींद्रिय शक्ती आहे. परंतु दोन पुरुष पात्रांच्या संघर्षात तिचा मृत्यू होतो आणि पुढे ती प्रामुख्याने त्यांच्या स्मृतीतच उरते. पौर्वात्य गूढतेच्या ठरीव प्रतिमेचे उदाहरण म्हणून तिच्याकडे पाहता येते.

'मॅक्रॉस' (१९८२) मध्ये क्लॉडिया लासाल ही कृष्णवर्णीय स्त्री युद्धनौकेवरील जबाबदार अधिकारी आहे. तसेच मानव व परग्रहवासी यांचा विवाहही त्यात दाखविला आहे. याउलट 'जी गंडम' (१९९४) मध्ये देशांची ओळख यंत्रांच्या आकारावरून पटते: मेक्सिकोच्या यंत्राला मोठी टोपी, तर नेदरलँड्सच्या यंत्राला पवनचक्कीचे रूप. हा विनोद म्हणून घेता येतो, तसाच साचेबद्धपणाही म्हणता येतो. 'टर्न ए गंडम' (१९९९) चा नायक लोरान सेहॅक सावळ्या वर्णाचा असून कथेच्या ओघात स्त्रीवेषही धारण करतो. 'गंडम डबल ओ' (२००७) चा नायक मध्यपूर्वेतील एका काल्पनिक देशातील माजी बालसैनिक आहे.

लैंगिकता

'द विच फ्रॉम मर्क्युरी' (२०२२–२३) मध्ये सुलेत्ता मर्क्युरी ही द्वंद्वयुद्ध जिंकते आणि त्यामुळे नियमानुसार मिओरिन रेम्ब्रान या मुलीची नियोजित वर ठरते. शेवटच्या भागात दोघींच्या बोटांत अंगठ्या दिसतात. जुलै २०२३ मध्ये एका मासिकातील मुलाखतीत त्यांच्या विवाहाचा उल्लेख छापला गेला. अंकाच्या डिजिटल आवृत्तीतून मात्र तो वगळण्यात आला. अर्थ लावणे प्रेक्षकांवर सोपविले आहे, असे निवेदन मालिकेच्या वतीने देण्यात आले. त्यावर अनेक प्रेक्षकांनी नाराजी व्यक्त केली. जपानमध्ये समलिंगी विवाहाला त्या वेळी राष्ट्रीय कायद्याची मान्यता नसल्याने एका शब्दाच्या वगळण्याला मोठा अर्थ प्राप्त झाला.

मूल्यमापन

निरनिराळ्या वर्णांची व देशांची पात्रे मेका अ‍ॅनिमेत आरंभापासून आढळतात. त्यामुळे केवळ पात्रांची गणना पुरेशी ठरत नाही. ते पात्र स्वतः निर्णय घेते का, कथा त्याच्या दृष्टीने सांगितली जाते का आणि शेवटपर्यंत ते जिवंत राहते का, हे निकष अधिक उपयुक्त ठरतात. या निकषांवर लाला सून ते सुलेत्ता हा ४३ वर्षांचा प्रवास लक्षणीय आहे. मात्र पडद्यावर दाखविलेली गोष्ट शब्दांत मान्य करण्याचा संकोच त्याच्या अखेरीसही दिसून येतो.