गिटारवरचा नाताळ, गिटारवरची दिवाळी

नाताळात जगभर गायले जाणारे ‘सायलेंट नाइट’ पहिल्यांदा लोकांसमोर आले ते गिटारच्या साथीने. 24 डिसेंबर 1818ची ती रात्र, ऑस्ट्रियातले ओबर्नडॉर्फ हे गाव. शब्द धर्मगुरू योझेफ मोर यांचे, 1816 साली लिहिलेले. चाल शाळामास्तर फ्रान्झ ग्रूबर यांची. दोघे गायले, मोर यांनी गिटार धरली. आज डिसेंबरच्या मैफलीत एखादा जॅझ गिटारवादक एकटाच बसून ही चाल छेडतो, तेव्हा गाणे आपल्या मूळ वाद्याकडेच परत आलेले असते.

तो नेमके काय करतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. मूळ चालीला तीन कॉर्ड पुरतात आणि सहा मात्रांचा झोका आपल्या दादऱ्याच्या कानाला लगेच ओळखीचा वाटतो. वादकाचा अंगठा खालच्या, जाड तारांवर खर्ज चालता ठेवतो. उरलेली बोटे वरच्या तारांवर चाल वाजवतात आणि मधल्या तारांवर कॉर्ड भरतात. म्हणजे गायक, साथीदार आणि ठेका धरणारा तिघेही एकाच हातात. मग एखादा लांब स्वर येतो. स्वर तोच राहतो, पण त्याच्या खालचा कॉर्ड वादक बदलतो, आणि आत्तापर्यंत शांत वाटणारा स्वर एकदम अधीर होतो. एक शब्दही न उच्चारता गाण्याचा भाव पालटतो.

पुढचा रस्ता मराठी श्रोत्याला चांगलाच ठाऊक आहे. आधी चाल सरळ मांडायची, मग तिच्या कॉर्डच्या चौकटीत बढत करायची आणि शेवटी पुन्हा मूळ चालीवर यायचे. ख्यालात मुखडा धरून समेवर येणे आणि जॅझमध्ये मूळ चालीवर परतणे, दोन्ही ठिकाणी श्रोत्याचा आनंद वाट पाहण्यात असतो. म्हणूनच या प्रयोगाला सणाचीच गाणी हवीत. चाल सभागृहातल्या प्रत्येकाला पाठ असेल तरच वादक तिच्यापासून किती लांब गेला, हे कळते.

गिटारला ही पुढची जागा मिळायला उशीर झाला. मोठ्या बँडमध्ये ट्रम्पेट-सॅक्सोफोनपुढे तिचा आवाजच पोहोचत नसे. 1936 साली गिब्सन कंपनीची विजेवर चालणारी ईएस-150 आली. 1939 मध्ये चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमनच्या ताफ्यात दाखल झाला आणि गिटार एकल वाद्य म्हणून ऐकू येऊ लागली. योगायोग असा, की अमेरिकेची नाताळची लोकप्रिय गाणीही त्याच सुमारास जन्मली. आयर्विंग बर्लिनचे ‘व्हाइट ख्रिसमस’ 1942च्या चित्रपटातून गाजले. मेल टॉर्मे आणि बॉब वेल्स यांनी ‘द ख्रिसमस साँग’ 1945च्या ऐन उन्हाळ्यात लिहिले. ते 1946 मध्ये ध्वनिमुद्रित केले नॅट किंग कोलच्या त्रयीने: पियानो, बास आणि ऑस्कर मूरची गिटार.

पुढे केनी बरेलने 1966 साली नाताळच्या गाण्यांची अख्खी तबकडीच गिटारवर केली. जो पासची ‘सिक्स-स्ट्रिंग सँटा’ 1992ची, त्याच्या अखेरच्या काळातली. तिच्यात बोटांची चमत्कृती दाखवण्याचा हव्यास नाही, चालीवरचे प्रेम आहे. नवख्या श्रोत्याने सुरुवात हिच्यापासूनच करावी.

आपल्याकडे हे जॅझ संगीत मुख्यतः गोव्याच्या माणसांनी रुजवले. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत, त्यामुळे नोटेशन वाचणारा वादक हवा असला की मुंबई गोव्याकडे पाहत असे. 1935 साली अमेरिकन लिऑन अॅबीचा बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजला. पुढे तिथेच आल्दोनाचा चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, आपला बँड घेऊन उभा राहिला. पुणतांब्यात जन्मलेल्या संगीतकार सी. रामचंद्र यांनी जॅझचा ठेका ‘शहनाई’ (1947) आणि ‘अलबेला’ (1951) या चित्रपटांतून गावोगाव पोहोचवला.

गिटारचा खरा मोठा माणूस मात्र अमान्सियो डिसिल्वा. गोवेकर कुटुंबात 1936 साली मुंबईत जन्मलेला हा वादक पुढे लंडनला गेला. 1969 मध्ये त्याचे ‘इंटिग्रेशन’ आले आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबरचे ‘हम दोनो’ही. 1972 साली ध्वनिमुद्रित झालेले ‘कोंकण डान्स’ मात्र प्रसिद्ध व्हायला 2006 उजाडले. तोवर त्याला जाऊन दहा वर्षे झाली होती. कोकणचे नाव लंडनच्या जॅझमध्ये नेणाऱ्या माणसाचे नाव मराठी रसिकांना आजही माहीत नसावे, ही खंत वाटण्याजोगीच गोष्ट आहे.

मुंबई-गोव्याचे हे सारे आपल्या बुऱ्हाणपूरला परके वाटण्याचे कारण नाही. रेल्वेने उत्तरेला गेले की खंडवा. तिथे 1929 साली जन्मलेल्या किशोरकुमारने परदेशी तबकड्या ऐकून यॉडलिंग आपलेसे केले. दक्षिणेला भुसावळ जंक्शन. रेल्वेच्या वसाहती, अँग्लो-इंडियन कुटुंबे आणि रेल्वे इन्स्टिट्यूटमधले नाताळचे नाच हा रेल्वेगावांच्या इतिहासाचाच भाग आहे. मराठीतली नाताळगीतेही आजकालची नाहीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919) ख्रिस्ती भक्तिगीतांना अभंग-ओवीचे वळण दिले, आणि ‘उपासना संगीत’ हाती घेऊन मराठी मंडळ्या ती अजून गातात. टिळकांच्या गीतांच्या चाली गिटारच्या कॉर्डवर बसवणाऱ्याला केवढे तरी काम पडले आहे.

शिवाय तापीकाठच्या या गावात मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, निमाडी अशा किती भाषा बाजाराच्या एकाच गल्लीत कानावर पडतात! गायक आला की भाषा निवडावी लागते. गिटारला ती अडचण नाही. गणपतीची आरती, दिवाळीतले एखादे भावगीत, नाताळची ‘सायलेंट नाइट’ एकामागून एक वाजवली, तर प्रत्येक जण आपापले शब्द मनात म्हणेल.

अडचण वाद्याची नाहीच असे नाही. सतारीसारखी लांब मींड गिटारवर निघत नाही. तार बाजूला ओढून अर्धा-एक स्वर मिळतो, तेवढाच. पण ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारांवर धातूची पट्टी फिरवून हाही प्रश्न सोडवला, आणि 1967च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचा संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या बरोबरीने ती बसवून दाखवली.

खरी अडचण आपल्या मंचाची आहे. अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून लोक दिवाळी पहाटेला येतात. गायक मधोमध, शेजारी संवादिनी आणि तबला, मागे कीबोर्ड, आणि गिटारवाला त्याहून मागे. निवेदक त्याचे नाव शेवटी घाईत घेतो. दोन कडव्यांमधल्या चार ओळी, एवढाच त्याचा वाटा.

खानदेशातल्या आणि बुऱ्हाणपूरच्या आयोजकांना म्हणून एकच विनंती आहे. येत्या दिवाळी पाडव्याला अर्धा तास गायकाविना ठेवा. गावात ऑर्केस्ट्रात वाजवणारी, चर्चमध्ये साथ करणारी, मोबाइलवर पाहून शिकलेली मुले आहेत. त्यांतल्या एकाला दोन महिने आधी सांगा, सर्वांना पाठ असलेल्या पाच चाली निवडायला लावा, मंचाच्या मध्यभागी बसवा आणि त्याचे नाव पत्रिकेवर गायकाच्या नावाएवढ्याच टायपात छापा.