नायगाव टू घाट, सायकलची वाट!

माहीत आहे का? नायगावहून निघून, नायगावला जाऊन, पुन्हा नायगावला परत यायचं म्हटलं तर सायकलवर ऐंशी-नव्वद किलोमीटर होतात! निघायचं दादर पूर्वेच्या आपल्या नायगावातून, बीडीडी चाळींच्या शेजारून. पोहोचायचं वसईच्या खाडीपलीकडच्या नायगाव स्टेशनला. तिथे टपरीवर एक कटिंग मारायचा आणि हँडल उलटं फिरवायचं. रविवारच्या नाश्त्याआधी जवळपास सेंच्युरी!

आणि नायगावचं लोकेशन तर हौशी सायकलवाल्यांसाठी जॅकपॉट. एका बाजूला दादर टीटी, तिथून किंग्ज सर्कल, सायन, चेंबूर, मानखुर्द करत थेट वाशीचा पूल. हिवाळ्यात नशीब जोरावर असेल तर ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा फुकटात बघायला मिळतो. दुसऱ्या बाजूला भाऊचा धक्का. तिथून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीवर सायकल चढवता येते! तासाभरात मांडवा, पुढे वीसेक किलोमीटरवर अलिबाग. घाम न गाळता खाडी पार, उरलेला सगळा घाम रेवदंड्याच्या रस्त्यासाठी राखीव.

आता जरा कडू गोळी. मुंबईतले आणि आसपासचे बहुतेक चकाचक रस्ते सायकलला बंद आहेत. सी लिंक? बंद. ईस्टर्न फ्रीवे? बंद. कोस्टल रोड, पुणे एक्सप्रेसवे? बंद, बंद! अटल सेतू तर नायगावच्या शेजारच्या शिवडीतून सुरू होतो. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं, लांबी २१.८ किलोमीटर. पण सायकलवाल्याने त्याच्या पलीकडच्या टोकाला पोहोचायचं तर वाशीमार्गे जवळपास दुप्पट फेरा. वेगवान गाड्यांत सायकल घुसवणं धोक्याचं, हे मान्यच. पण वर्षातला एखादा रविवार, पहाटेचे दोन तास सायकलींसाठी राखून ठेवले तर? माझी तर मनापासून मागणी आहे, अगदी हात वर करून!

बरं, लांबची राइड म्हणजे नक्की किती लांब? त्यालाही चोख हिशेब आहे. फ्रान्समधून आलेला ‘ब्रेवे’ हा प्रकार आपल्याकडे ‘बीआरएम’ नावाने फेमस आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. एकाच सीझनमध्ये चारही मारले की तुम्ही ‘सुपर रँडोनर’! कॉलर ताठ!

गंमत पुढे आहे. ब्रेवेमध्ये पहिला नंबरच नसतो! आठ तासांत आलेला आणि शेवटच्या मिनिटाला धापा टाकत आलेला, दोघांची पास होण्याची किंमत एकच. वेग किती लागतो? चहा-पाणी, पंक्चर, सेल्फी सगळं धरून ताशी पंधराच्या आसपास. यात भरधाव पळणाऱ्यापेक्षा थांब्यावर कमी रेंगाळणारा जास्त फायद्यात राहतो, हे नवख्यांना लवकर कळत नाही. टपरीवर प्रत्येक वेळी अर्धा-अर्धा तास घालवला की साडेतेरा तास कुठे उडाले, पत्ता लागत नाही.

माहीत आहे का, वळण्याच्या ठिकाणापर्यंत तुम्ही खरंच गेलात याचा पुरावा काय देतात? आयोजकांचा माणूस नसेल तिथे एटीएमची स्लिप चालते! ब्रेवेच्या कार्डावर शिक्का नाही तर स्लिप. त्यामुळे रात्री दोन वाजता अंगावर चमचमतं रिफ्लेक्टर जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, पायात टकटक वाजणारे बूट, अशा अवतारात कुणी हायवेवरच्या एटीएममध्ये शिरून फक्त बॅलन्स तपासताना दिसलं तर घाबरू नका. चोर नाही, ब्रेवेवाला आहे!

चला, आता पोटावर येऊ. मी तर छातीठोक सांगते, हौशी सायकलवाला पायांनी हरत नाही, पोटाने हरतो. आपल्या स्नायूंत आणि लिव्हरमध्ये साखरेचा जो साठा असतो, त्यातून साधारण दोन हजार कॅलरी मिळतात. जोरात दामटली तर दोनेक तासांत खडखडाट. मग डोळ्यांपुढे काजवे, हातपाय गार, सायकल रस्त्याला चिकटल्यासारखी. सायकलवाल्यांच्या भाषेत हा ‘बाँक’. उपाय? तासाला साठेक ग्रॅम कार्ब्ज पोटात गेले पाहिजेत, म्हणजे साधारण दोन केळी आणि वर एखादा राजगिऱ्याचा लाडू. भूक लागायची वाट बघायची नाही, तहान लागायचीही नाही. घड्याळ बघायचं आणि तोंड चालू ठेवायचं!

महागडे इंपोर्टेड एनर्जी बार हवेतच असं नाही. गूळ आणि शेंगदाणे एकत्र करून कागदात गुंडाळलेला देशी एनर्जी बार लोणावळ्यात दर दहा पावलांवर मिळतो. चिक्की! पनवेलजवळ पळस्प्याला कोथिंबीर वडी आहे, खोपोलीत बटाटेवडा आहे. फक्त वडा घाट चढून आल्यावर खा. आधी खाल्लात तर घाटात तो तुमच्याशी बोलायला लागतो.

मुंबईचा दमटपणा हा वेगळाच व्हिलन. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. घामावाटे मीठ जातं आणि नुसतं पाणी ढोसत राहिलं की पोट डुचमळतं. पायात गोळे आलेच, तर रस्त्यावरचा बर्फाचा गोळा कामाचा नाही! मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी किंवा ओआरएस घ्या. बाटलीत खारं कोकम सरबत भरून नेणारेही आहेत, आणि माझं मत त्यांच्या पारड्यात.

माहीत आहे का, परतीच्या वाटेवर वारा मुद्दाम तोंडावर का येतो? तुमच्यावर त्याचा राग नाही. दुपार होत आली की जमीन तापते आणि समुद्रावरचा वारा आत शिरतो, पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून. तुम्ही खोपोलीहून मुंबईकडे, म्हणजे बरोबर त्याच दिशेला तोंड करून निघालेले! वेग दुप्पट करायचा तर हवा कापायला आठपट ताकद लागते, इतकं हे गणित बेरकी आहे. म्हणून शहाणे पहाटे साडेचारला निघतात आणि परतताना एकामागे एक रांग लावतात. पुढच्याच्या पाठीशी राहिलं की तीसेक टक्के मेहनत वाचते. दर पाच-दहा मिनिटांनी पुढचा मागे, मागचा पुढे. फुकट्यांनी पण पुढे यायचं हं!

पंक्चर! सगळ्या नवख्यांचा बागुलबुवा. १८८७-८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला. तेव्हापासून जग मऊ मऊ चालतंय, आणि फुस्सही होतंय.

आपल्या हायवेवर खिळ्यापेक्षा डेंजर असते ती ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली बारीक तार. केसाएवढी! डोळ्यांना दिसत नाही. नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून कापूस किंवा फडकं हळूच गोल फिरवा. जिथे तंतू अडकेल, तिथे तार. नखाने नाही निघत, चिमटा लागतो. ती तशीच राहिली तर शंभर मीटरवर दुसरी ट्यूब शहीद. आणि टायरलाच चीर पडली असेल तर? दहाची नोट! चार घड्या घालून चिरेच्या आतून लावायची, वर ट्यूब, मग हवा. घरापर्यंत बिनबोभाट येता येतं. दहा रुपयांत याहून भारी इन्शुरन्स दाखवा!

अजून एक चटकदार नियम. गादीवाली सायकल-शॉर्ट घातली की आत काहीही घालायचं नसतं! शिवण घासली की तीन-चार तासांनी सीटवर बसवत नाही. दुकानात हे सांगायला विक्रेते लाजतात, म्हणून इथे सांगितलं.

आता मेन पिक्चर. बोरघाट! घाटातून गाडीरस्ता खुला झाला १८३० मध्ये, रेल्वे चढली १८६३ मध्ये. जुन्या हायवेवर शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटातली वाट या धनगराने दाखवली, अशी आख्यायिका आहे. गाडीवाले इथे नाणं वाहून पुढे जातात. सायकलवाले नाणं वाहतात आणि दोन मिनिटं श्वासही घेतात! मुंबई-पुणे सायकल शर्यतीत इथेच ‘घाटाचा राजा’ ठरतो. शर्यत कुणीही जिंको, हा किताब वेगळा आणि त्याची ऐट वेगळी.

घाट चढायचा कसा? खोपोली सोडतानाच सर्वांत हलका गिअर टाका, नाकाने श्वास घेता येईल इतकाच जोर लावा. पहिल्या वळणावर हिरो होणारे तिसऱ्या वळणावर सायकल ढकलताना दिसतात. आणि ढकलण्यात कमीपणा काही नाही. १९३७ पर्यंत टूर द फ्रान्सच्या रथी-महारथींना चेन सरकवणारे गिअर वापरायची परवानगीच नव्हती! डोंगर आला की खाली उतरून मागचं चाक काढायचं, उलटं बसवायचं, मग चढायचं.

एवढ्यावर भागत नसेल तर ‘एव्हरेस्टिंग’ करा. एकच चढ पुन्हा पुन्हा चढायचा, चढाईची बेरीज ८,८४८ मीटर होईपर्यंत! बोरघाटाची चढाई ५०० मीटर धरली तर अठरा फेऱ्या. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात सायकलवर हा पराक्रम करणाऱ्याचं नाव होतं जॉर्ज मॅलरी. एव्हरेस्टवर हरवलेल्या जॉर्ज मॅलरींचा सख्खा नातू!

आता सीट घट्ट पकडा. १५ ऑक्टोबर १९२३. मुंबईच्या एका वेटलिफ्टिंग क्लबातली सहा पारशी पोरं सायकलवरून निघाली. कुठे? जगप्रदक्षिणेला! गिअर नाहीत, जीपीएस नाही, मागे सपोर्ट गाडी नाही. इराण, वाळवंटं, युरोप, अमेरिका, जपान. वाटेत तिघे गळाले, एकाने तर अमेरिकेतच मुक्काम ठोकला. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे मात्र १८ मार्च १९२८ ला मुंबईत परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटर! त्यांच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली जवाहरलाल नेहरूंनी. फाइव्ह गार्डन्सला चकरा मारणाऱ्या किती जणांना ही नावं ठाऊक असतील? एखाद्या चौकाला त्यांचं नाव मिळायला हवं, असं मला फार वाटतं.

मराठी मंडळीही मागे नाहीत. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये दोघांची टीम म्हणून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नऊ दिवसांच्या आत पुरी केली. सुमारे ४,८०० किलोमीटर! नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच रेस २०१७ मध्ये एकट्याने मारली, आणि २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक, नऊ हजारांवर किलोमीटर! त्याच वर्षी पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने १५९ दिवसांत २९ हजार किलोमीटरची जगफेरी केली. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, तरी पोरगी थांबली नाही. आपल्याला वाशी नाक्यावर कुत्रं मागे लागलं तर केवढं टेन्शन येतं!

वेगाचं वेड असेल तर हा आकडा घ्या. इटलीच्या फिलिप्पो गान्नाने २०२२ मध्ये ट्रॅकवर एका तासात ५६.७९२ किलोमीटर कापले. नायगावहून त्या वेगाने निघालात तर तासाभरात पनवेल केव्हाच मागे पडलेलं असेल!

आणि ब्रेवेवाल्यांची पंढरी कोणती, माहीत आहे का? पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस! सुरुवात १८९१ ची, आता दर चार वर्षांनी. १,२०० किलोमीटर, नव्वद तास. २०२३ नंतरची पाळी २०२७ ची. तिथे जायचं तर त्याच सालात २००, ३००, ४०० आणि ६०० हे चारही ब्रेवे खिशात हवेत. या शर्यतीच्या नावाने फ्रान्समध्ये १९१० पासून एक केक मिळतो, ‘पॅरिस-ब्रेस्ट’. मधे भोक असलेला, हुबेहूब सायकलच्या चाकासारखा गोल आणि आत मस्त क्रीम. त्यातली कॅलरी मोजायची नाही, बाराशे किलोमीटर कशासाठी मारले मग!