गच्चीवरून तेजोमेघांचे छायाचित्रण



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांनी आम्हां मुलांना एकदा उज्जैनच्या वेधशाळेत नेले होते. सम्राट यंत्राच्या सावलीवरून वेळ वाचण्यापूर्वी त्यांनी वहीत दोन रकाने आखावयास लावले : डावीकडे ‘दिसले’, उजवीकडे ‘वाटले’. इंदूरच्या घराच्या गच्चीवर, सरकत्या पत्र्याच्या छपराखाली मी थाटलेल्या लहानशा वेधशाळेचे काम अजूनही त्या दोन रकान्यांतच चालते.

शहराच्या उजळलेल्या आकाशातून अंधुक तेजोमेघ टिपता येतो काय, असे मला नेहमी विचारतात. मृगाच्या पूर्वेस, शृंगाश्व तारकासमूहात, गुलाबाच्या आकाराचा ‘रोझेट’ तेजोमेघ आहे. त्याचा विस्तार पूर्णचंद्राच्या दुपटीहून अधिक, अंतर सुमारे ५,००० प्रकाशवर्षे. दुर्बिणीला डोळा लावला, तर माझ्या गच्चीवरून तो मुळीच दिसत नाही. परंतु त्यातील हायड्रोजन मुख्यतः एकाच तांबड्या रंगात, ६५६.३ नॅनोमीटरला, प्रकाशतो. रस्त्यावरील पांढऱ्या दिव्यांचा उजेड मात्र अनेक रंगांत विखुरलेला असतो. तेवढाच तांबडा पट्टा आत सोडणारा फिल्टर कॅमेऱ्यापुढे बसविला, की दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेर राहतो.

उरलेले काम सबुरीचे. दुर्बिणीचा एक अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखावा लागतो. इंदूरला तो क्षितिजापासून सुमारे २२.७ अंशांवर आहे. त्या अक्षाभोवती दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरते. पाच-पाच मिनिटांची शंभर छायाचित्रे घेऊन त्यांची सरासरी काढली, की त्यांतील यादृच्छिक खरखर एक-दशांश होते. हे एका रात्रीत होत नाही. शिवाय शेजारच्या लग्नाचे दिवेही असतात!

पहिल्याच वर्षी माझ्या चित्रात एक सुबक काळे वलय उमटले. नवा कृष्णमेघ सापडला म्हणून मी ते मित्रमंडळींत मिरविले. पुढच्या महिन्यात अगदी निराळ्या तारकासमूहातही ते त्याच जागी हजर! तो कॅमेऱ्यावरील धुळीचा कण होता. तेव्हापासून दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे कापड ताणून, समान उजेडात, धुळीचेही चित्र घेतो आणि त्यावरून मूळ चित्र दुरुस्त करतो.

दिसणे आणि वाटणे यांचा हा झगडा थोरांनाही चुकलेला नाही. मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटातील ठळक हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कडा आहे, असे इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर मानीत. तसे असते, तर ती एका बाजूने पुसट दिसावयास हवी होती. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील वेधशाळेतून कावसजी नेगमवाला यांनी ती पाहिली आणि १८९१ साली कळविले, की रेषा रेखीव आहे. लॉकियर यांच्यासारख्या मातब्बराचे मत निराळे असताना त्यांनी जे दिसले तेच लिहिले, याचे मला फार मोल वाटते. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे आयरा बोवेन यांनी १९२७ साली उलगडले.

माझा दुसरा फिल्टर नेमका त्याच रेषेचा, ५००.७ नॅनोमीटरचा आहे. हायड्रोजनला तांबडा आणि ऑक्सिजनला निळा रंग देणे ही माझी निवड; आकार मात्र माझा नव्हे. बाहेरच्या दालनात रोझेटचे अंतिम चित्र लावले आहे. त्याच्या शेजारी पाच मिनिटांचे एक कच्चे छायाचित्रही मुद्दाम ठेवले आहे, धुळीच्या वलयासकट.