शाश्वत विकासावरील लघुप्रबंध (स्वीडन)

शाश्वत विकासावरील लघुप्रबंध हे स्वीडनमध्ये या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अखेरीस विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे करावयाचे संशोधनकार्य आहे. दोन वर्षांच्या पदवीसाठी १२० श्रेयांक लागतात. त्यांपैकी सामान्यतः ३० श्रेयांक, म्हणजे एका पूर्ण सत्राचे काम, लघुप्रबंधासाठी असतात. उप्साला विद्यापीठ व स्वीडिश कृषिविज्ञान विद्यापीठ असा अभ्यासक्रम संयुक्तपणे चालवतात.

पार्श्वभूमी

संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाच्या १९८७ मधील अहवालामुळे शाश्वत विकासाची संकल्पना जगभर रूढ झाली. २००६ पासून स्वीडनच्या उच्च शिक्षण कायद्यानुसार शाश्वत विकासाला चालना देणे हे विद्यापीठांचे कर्तव्य आहे.

विषयाची निवड

या विषयात पर्यावरण, समाज व अर्थव्यवस्था या तिन्हींचा समावेश होत असल्याने प्रश्न मर्यादित करणे ही पहिली अपेक्षा असते. ‘स्टॉकहोम शाश्वत शहर आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर एका सत्रात देता येत नाही. याउलट, तेथे २००६ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर आणि ऑगस्ट २००७ पासून कायमस्वरूपी लागू झालेल्या वाहतूक कोंडी कराचा भार कोणत्या उत्पन्नगटांवर पडतो, हे उपलब्ध माहितीच्या आधारे तपासता येते. या करामुळे शहराच्या मध्यभागात ये-जा करणारी वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. तथापि, पर्यावरणीय लाभ आणि सामाजिक न्याय यांत विरोध आढळल्यास तो स्पष्टपणे मांडणे आवश्यक असते. एखादा उपाय चांगला आहे हे गृहीत धरून केलेले लेखन प्रचार ठरते, संशोधन नव्हे.

नैतिक जबाबदारी

स्वीडनच्या नैतिक परीक्षण कायद्यातील संशोधनाच्या व्याख्येतून पदव्युत्तर स्तरापर्यंतचे विद्यार्थ्यांचे काम वगळले आहे. त्यामुळे मुलाखती देणाऱ्यांची संमती व त्यांच्या माहितीचे संरक्षण यांची जबाबदारी प्रामुख्याने विद्यार्थी, मार्गदर्शक व विद्यापीठ यांच्यावर येते. वैयक्तिक माहितीविषयीचे युरोपीय संघाचे नियम मात्र लागू राहतात.

मूल्यमापन

लघुप्रबंध खुल्या चर्चासत्रात सादर केला जातो. तेथे बहुधा दुसरा विद्यार्थी त्यातील पद्धती व निष्कर्षांची चिकित्सा करतो. श्रेणी नियुक्त परीक्षक ठरवतो. विद्यापीठाकडे सादर झालेला लघुप्रबंध सार्वजनिक दस्तऐवज मानला जातो. त्यामुळे एखाद्या कंपनीच्या सहकार्याने काम केल्यास तिची गोपनीय माहिती त्यात येणार नाही, याची दक्षता आधीच घ्यावी लागते.