स्मृतिभ्रंश : गोळी देण्यापूर्वी

स्मृतिभ्रंशाचे नाव काढताच कुटुंबीयांचा पहिला प्रश्न असतो, "यावर औषध निघाले का?" आजार मुळापासून बरा करणारे औषध अद्याप हाती आलेले नाही. मात्र अशा रुग्णाची शुश्रूषा कशी करावी, याविषयी गेल्या दोन दशकांत जे संशोधन झाले, त्यातील बरेचसे आपल्या घरात आजच उपयोगी पडण्याजोगे आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे अंदाजे ८८ लाख वृद्धांना, हा विकार आहे. त्यांतील बहुतेकांची शुश्रूषा घरीच होते, आणि ती करणारी व्यक्ती बहुधा पत्नी, मुलगी किंवा सून असते.

घरच्या मंडळींना खरा त्रास होतो तो विस्मरणापेक्षा रुग्णाच्या अस्वस्थतेचा. रात्री येरझाऱ्या घालणे, ओरडणे, स्नानाला नेताना हात उगारणे हे सारे "आजाराचाच भाग" म्हणून सोडून दिले जाते. नॉर्वेतील १८ शुश्रूषागृहांत ३५२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या विभागांतील रुग्णांना आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामक उपचार देण्यात आले. बहुतेकांना केवळ पॅरासिटामॉल पुरेसे ठरले. नेहमीचेच उपचार चालू असलेल्या रुग्णांच्या तुलनेत त्यांची अस्वस्थता लक्षणीय प्रमाणात कमी झाली. गुडघा दुखतो हे ज्याला सांगता येत नाही, तो ते हात उगारून सांगतो. दुखणारा दात, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, कानात साचलेला मळ यांचीही तपासणी याच कारणासाठी आधी व्हावयास हवी.

प्रत्यक्षात मात्र अशा रुग्णाला शांत ठेवण्यासाठी मनोविकारावरील तीव्र औषधे लवकर सुरू होतात आणि मग वर्षानुवर्षे चालू राहतात. ब्रिटनमध्ये १६५ अल्झायमर रुग्णांवर झालेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या सवयीची किंमत दाखवून दिली. ही औषधे आधीपासून घेणाऱ्या रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाची औषधे चालू राहिली, तर दुसऱ्याला दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या मिळाल्या. दोन वर्षांनंतर पहिल्या गटातील ४६ टक्के, तर दुसऱ्यातील ७१ टक्के रुग्ण हयात होते. आकडे बोलके आहेत. तरी कोणीही हे वाचून घरच्या घरी औषध बंद करू नये. काही रुग्णांना त्याची खरोखर गरज असते, आणि मात्रा उतरविणे हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

परदेशातील शुश्रूषागृहांचे दाखले आपल्याला कितपत लागू पडतात, ही शंका रास्त आहे. म्हणूनच गोव्यातील प्रयोगाचे मोल अधिक. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेतील सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबे निवडली. उच्च माध्यमिक शिक्षण झालेल्या, कोंकणी बोलणाऱ्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन गृहशुश्रूषा सल्लागार म्हणून तयार करण्यात आले. सहा महिने, निदान पंधरा दिवसांतून एकदा, हे सल्लागार घरी जात. आजार म्हणजे काय, रुग्ण चिडला तर काय करावे, हे ते समजावून सांगत आणि काळजी घेणाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकून घेत. त्यांच्या पाठीशी एक समुपदेशक आणि एक मनोविकारतज्ज्ञ असे.

२००८ साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या लक्षणांत किंवा कार्यक्षमतेत खात्रीने सांगता येईल असा फरक पडला नाही. फरक पडला तो काळजी घेणाऱ्यांत : त्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा मनस्ताप घटला. कोणी याला अर्धे यश म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. कारण शुश्रूषा करणारी सून खचली, की त्या घरातील रुग्णाची शुश्रूषाच संपते.

ब्रिटनमधील ६९ शुश्रूषागृहांतील, २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही याच दिशेने बोट दाखवितो. कर्मचाऱ्यांना व्यक्तिकेंद्री शुश्रूषेचे शिक्षण दिले आणि रुग्णाशी त्याच्या आवडीच्या विषयावर गप्पागोष्टींसाठी थोडा वेळ राखून ठेवला, तर अस्वस्थता घटते व जगणे सुसह्य होते, असे त्यात आढळले.

देणगीदार आपुलकीने विचारतात, "खाटा किती वाढविणार?" खाटेवर नाव कोरता येते, गृहभेटीवर येत नाही, ही अडचण आम्ही जाणतो. तथापि स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत प्रशिक्षित माणसाचे मानधन आणि त्याचा प्रवासखर्च यांवर होणारा व्यय खाटेइतकाच आवश्यक आहे, हे विश्वस्तांनी व दात्यांनी ध्यानात घ्यावे. कुटुंबीयांना विनंती एवढीच, की तपासणीस येताना चालू असलेल्या सर्व औषधांची पिशवी आणावी; आणि रुग्ण कोणत्या वेळी, काय करताना अस्वस्थ होतो, याची आठवडाभराची नोंद साध्या वहीत करून सोबत ठेवावी.