जंतूची कुळी ओळखताना : १९९४च्या प्लेगचा धडा

सन १९९४च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी आधी उंदीर मरून पडले आणि पाठोपाठ माणसांना ताप व गाठी येऊ लागल्या. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगच्या साथीने पन्नासहून अधिक बळी घेतले. आम्ही त्या वेळी परभणीत शाळकरी वयाचे होतो. शेजारच्या जिल्ह्याचे नाव निघताच वडीलधारी मंडळी आवाज खाली आणीत, हे आजही आठवते. पुढे पदवीच्या अभ्यासात सुश्रुतांनी क्षुद्ररोगांत वर्णिलेली अग्निरोहिणी वाचताना तेच दिवस डोळ्यांपुढे उभे राहिले.

साथ ओसरली, तरी वाद ओसरला नाही. १९६६नंतर देशात मानवी प्लेगची निश्चित नोंद नव्हती. त्यामुळे हा खरोखरच प्लेग की तत्सम लक्षणांचा दुसरा ज्वर, अशी शंका जाणकारांनीही घेतली. लक्षणांवरून हा प्रश्न सुटण्याजोगा नव्हता. त्याचे उत्तर जंतूंच्या जनुकांतून मिळाले. १९९६ साली बीड व सुरत येथील जंतूंचा रेण्वीय अभ्यास प्रसिद्ध झाला. २००० साली हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. एस. शिवाजी व सहकाऱ्यांनी हा जंतू ‘यर्सिनिया पेस्टिस’च असल्याचे दाखविले.

त्यांनी दोन पद्धती योजल्या. पहिलीत ‘१६ एस’ या सुमारे १,५०० अक्षरांच्या जनुकाचा क्रम वाचला जातो. तथापि प्लेगचा जंतू आणि त्याचा जवळचा भाऊबंद ‘यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस’ यांचे हे जनुक जवळजवळ एकसारखे असते. म्हणून दुसरी पद्धत आवश्यक ठरते. तीत लहान प्रारंभक वापरून जनुकसंचाचे निरनिराळे तुकडे वाढवितात, ते जेलवर वेगळे करतात आणि उमटलेल्या पट्ट्यांची तुलना ज्ञात जंतूंच्या पट्ट्यांशी करतात. थोडक्यात, पहिलीने कुळ कळते, दुसरीने घर कळते. मात्र या पट्ट्या प्रयोगशाळेगणिक थोड्या बदलतात. यास्तव पुढे पुनरावृत्त तुकड्यांची मोजणी आणि संपूर्ण जनुकसंचाचे वाचन यांवर भर आला. प्लेगच्या जंतूचा सुमारे ४६.५ लाख अक्षरांचा जनुकसंच २००१ साली प्रसिद्ध झाला.

परभणीतील वैद्याला याचे काय, असे वाचक विचारतील. या साऱ्या परीक्षांचा पाया म्हणजे योग्य वेळी घेतलेला नमुना होय. १९९४ साली घाबरलेल्या लोकांनी टेट्रासायक्लिनसाठी औषध दुकानांत झुंबड उडविली. प्रतिजैविक आधीच पोटात गेले, तर नमुन्यातून जंतू वाढविणे कठीण होते. मग त्याची कुळी सांगणारा पुरावाही हातून जातो.

म्हणून ज्वर, दुखरी गाठ आणि परिसरात मेलेले उंदीर असा योग दिसताच रुग्णास त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठवावे. सोबत लक्षणारंभाची तारीख, गाव आणि घेतलेली औषधे लिहून द्यावीत. नमुना पहिल्या मात्रेपूर्वी घेणे उत्तम. परंतु अहवालासाठी उपचार क्षणभरही थांबवू नयेत, कारण फुप्फुसाच्या प्लेगमध्ये पहिले चोवीस तास निर्णायक असतात. औषध विक्रेत्या बंधूंनी अशा काळात चिठ्ठीवाचून प्रतिजैविके देऊ नयेत.

चरकांनी जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात वायू, उदक, देश व काल यांचे वैगुण्य पाहण्यास सांगितले. जंतूची कुळी प्रयोगशाळा ओळखेल; देश आणि काल यांची पहिली नोंद मात्र गावातल्या वैद्याच्याच वहीत व्हावयास हवी.