कुलूपबंद खोलीचं कोडं

समजा तुमची ताई शिकायला परभणीला आलीय. खोली शोधत गल्लोगल्ली फिरतेय. एका वाड्यात खोली रिकामी दिसते, पण दाराला भलंमोठं कुलूप! "भाड्यानं द्यायची नाही," मालक म्हणतात. आता सांगा बरं, घरबसल्या मिळणारं भाडं कुणी का सोडेल?

कोड्याचं उत्तर शोधायला जरा मागं जाऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसं फार आणि घरं थोडी, अशी गत झाली. मालकांनी वाटेल तसं भाडं वाढवलं असतं, तर गरिबानं जायचं कुठं? म्हणून सरकारनं लगाम घातला. १९४७ च्या कायद्यानं मुंबईतली जुनी भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. मराठवाडा तेव्हा मुंबई राज्यात नव्हता. आपल्याकडं हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे कायदा आला.

यामुळं कित्येकांच्या डोक्यावरचं छप्पर टिकलं. पण आता हे गणित करा. खोलीचं भाडं २० रुपये. पन्नास वर्षांनीही २० च! तोवर सिमेंट, पत्रे, गवंड्याची मजुरी सगळं महागलं. मग मालक डागडुजी कशाला करील? मुंबईतल्या जुन्या चाळी खचू लागल्या. त्यांच्या दुरुस्तीसाठी सरकारला १९६९ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. शिवाय 'एकदा दिलेली खोली परत मिळायची नाही' ही भीती! त्यापेक्षा कुलूप बरं.

म्हणजे गंमत पाहा. आत राहणाऱ्याला आधार मिळाला, पण बाहेर उभ्या ताईला खोली मिळेना!

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं, की इतकी वर्षं भाडं गोठवणं आता योग्य नाही. पुढं ३१ मार्च २००० पासून राज्यभर एकच भाडे कायदा आला. त्यात भाडं दरवर्षी ४ टक्के वाढवता येतं. १०० रुपयांचे १०४ होतात. पण २० रुपयांवर वाढ किती? फक्त ८० पैसे! ठराविक मुदतीच्या करारानं दिलेली खोली मुदत संपली की सोडावी लागते. त्यामुळं मालकाची भीती कमी झाली, पण ताईला मुदत संपली की पुन्हा बिऱ्हाड हलवायची चिंता!

तुम्ही भाड्यानं राहता? मग दर महिन्याला पावती मागा. ती देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि घराची दुरुस्तीसुद्धा!

आणि हो, कायदा करायचं काम तुमच्याकडं आलं, तर आतल्या आजीला आणि बाहेरच्या ताईला, दोघींनाही घर कसं मिळवून द्याल? विचार करा बरं!